कुवेतला जायचं म्हणता? बैठकीत एकदा हे वाचून घ्या

क्षेत्र समन्वयक, सीताबर्डी कार्यालय, नागपूर



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत एक नवाच कर्ज अर्ज यायला लागला आहे. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, पोरांच्या फीसाठी नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, "कुवेतला जाण्यासाठी". रक्कम ऐंशी हजार, एक लाख, कुठे सव्वा लाख. ताई, कुवेत कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर येतं, "दुबईकडे". काम कोणतं? "घरकाम. पगार चांगला आहे म्हणते." कोण म्हणते? "बर्डीतले एक भाऊ."

बर्डीत परदेशी नोकरीच्या पाट्या काही कमी नाहीत. मोरभवनला बस सोडली आणि मेन रोडकडे चालत निघालं की वरच्या मजल्यांवर दिसतातच. त्यातली कोणती खरी, कोणती खोटी, हे पाटीवरून कळत नाही. ते कागदावरून कळतं. म्हणून हा लेख. जाऊ नका असं सांगायला तो लिहिलेला नाही. आंध्र प्रदेशातल्या कडपा आणि गोदावरी भागातल्या हजारो बाया वर्षानुवर्षं कुवेतला घरकामाला जातात. त्यांच्यातल्या कित्येकींनी घरं बांधली, मुली शिकवल्या. पण जी जाते तिला आपण कुठे चाललो, कोणत्या कागदावर चाललो, हे माहीत असलं पाहिजे. आणि जो गट तिला कर्ज देतो त्यालाही.

आधी देश समजून घ्या

कुवेत हा इराक आणि सौदी अरेबियाच्या मधे, समुद्राला लागून असलेला छोटासा देश आहे. क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या साधारण पावणेदोनपट. लोकसंख्या पन्नास लाखांच्या जवळपास. पण त्यातले दहापैकी सात जण बाहेरून कामाला आलेले. या बाहेरच्यांमध्ये सगळ्यात जास्त आपण भारतीय, सुमारे दहा लाख. त्यामुळे दुकानात, दवाखान्यात, टॅक्सीत हिंदी समजणारं माणूस भेटतंच. मराठी माणसंही आहेत, त्यांचं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. पण ते बहुतेक इंजिनिअर, बँकेतले, कंपनीतले लोक. घरकामाला गेलेल्या बाईची त्यांच्याशी आपोआप गाठ पडेल असं समजू नका.

पैसा कुठून आला? तेलातून. १९३८ मध्ये बुरगान इथे तेल सापडलं आणि १९४६ मध्ये तेलाचं पहिलं जहाज परदेशी गेलं. त्याआधी कुवेतचे लोक समुद्रातून मोती काढायचे, ते मुंबईत आणून विकायचे आणि जाताना लाकूड, तांदूळ, मसाले, कापड घेऊन जायचे. त्या काळी तिथे आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या रुपयाच्या नोटाही छापल्या होत्या. १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र झाला आणि त्याने स्वतःचा दिनार आणला. आज तो जगातला सगळ्यात महाग चलनांपैकी आहे. एक दिनार म्हणजे साधारण पावणेतीनशे रुपये. भाव रोज थोडाफार हलतो.

हा आकडा ऐकला की डोळे मोठे होतात, हे मी बैठकीत पाहिलं आहे. त्याचा हिशोब पुढे करू.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर कब्जा केला होता. तेव्हा तिथे अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी परत आणावं लागलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये देश मोकळा झाला. हे जुनं झालं खरं, पण एक गोष्ट त्यातून आजही लागू आहे. संकटाच्या वेळी सरकार त्यांनाच पटकन शोधू शकतं ज्यांची नावं सरकारी नोंदीत असतात. नोंदीशिवाय गेलेली बाई कोणाच्याच यादीत नसते.

हवा आपल्याला थोडी ओळखीची वाटेल. नागपूरचा मे महिना काढलेल्या बाईला उन्हाचं काय सांगायचं? तरी तिथलं ऊन वेगळं आहे. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह या ठिकाणी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. जून ते ऑगस्ट दुपारी ११ ते ४ या वेळेत बाहेर उघड्यावर काम करून घ्यायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. धुळीची वादळं येतात. एकही नदी नाही, प्यायचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. आणि डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी पडते, स्वेटर न्यावाच लागतो. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात. पोरांना शाळेत जाण्याआधी फोन करायचा असेल तर हे लक्षात ठेवावं लागतं. सुट्टी शुक्रवार-शनिवारची.

वीस नंबर आणि अठरा नंबर

आता खरी गोष्ट. कुवेतचा व्हिसा म्हणजे नुसता "कुवेतचा व्हिसा" नसतो. त्याला नंबर असतो. घरात काम करणाऱ्यांचा व्हिसा वीस नंबरचा: मोलकरीण, स्वयंपाकीण, घरचा ड्रायव्हर, मुलं सांभाळणारी. दुकान, कंपनी, हॉटेल, खासगी दवाखाना अशा ठिकाणच्या नोकरीचा अठरा नंबरचा. हे दोन वेगळे रस्ते आहेत, त्यांचे कायदेही वेगळे. वीसवरून अठरावर जाणं एरवी बंद असतं. २०२४ मध्ये जुलै ते सप्टेंबर अशी दोन महिन्यांची सवलत दिली होती, मग पुन्हा बंद. म्हणून "आधी घरकामाच्या व्हिसावर जा, तिथे पोचल्यावर दुकानात लावून देतो" असं कोणी म्हटलं तर तो माणूस एक तर अडाणी आहे नाहीतर खोटारडा. दोन्ही वाईटच.

तिसरा प्रकार पर्यटनाचा, म्हणजे भेटीचा व्हिसा. त्यावर काम करणं गुन्हा आहे. "आधी दुबईला फिरायला म्हणून जायचं, विमानतळावर विचारलं तर नातेवाइकाकडे चालले असं सांगायचं, तिथून पुढे कुवेत." असं कोणी पढवत असेल तर तिथेच थांबा. खरं काम असेल तर विमानतळावर खोटं बोलायची गरज का पडावी?

व्हिसावर मालकाचं नाव असतं. तिथे मालकाला कफील म्हणतात. त्याच्या नावावरच तुमचा तिथला राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, बनतो. पोचल्यावर बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, मग सिव्हिल आयडी नावाचं कार्ड. आपल्या आधारसारखंच, पण त्याहून जास्त महत्त्वाचं, कारण त्याशिवाय रस्त्यावर पोलिसांनी हटकलं तर सांगायला काही उरत नाही. कार्डवरचं मालकाचं नाव आणि तुम्ही ज्या घरात काम करता त्या घरमालकाचं नाव एकच हवं. एकाच्या नावावर आणायचं आणि दुसऱ्याच घरी कामाला लावायचं, असं जिथे होतं तिथे बाईवरच नंतर पळून गेल्याची तक्रार होते.

दहावी पास, दहावी नापास

आपल्या गटातल्या ताईंना हे नीट समजलं पाहिजे, कारण यातच एजंट सगळ्यात जास्त गोंधळ घालतात.

दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा "इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड" अशी नोंद असते. थोडक्यात ईसीआर. अर्थ असा की कुवेत, सौदी, ओमान, कतार, दुबई धरून अठरा देशांत कामाला जायचं तर आधी भारत सरकारच्या प्रवासी संरक्षक कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. आपल्यासाठी ते कार्यालय मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात. ही परवानगी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून निघते.

ईसीआर पासपोर्ट असलेल्या बाईसाठी आणखी दोन नियम. एक, वय तीस पूर्ण हवं. दुसरा, २०१६ पासून अशा बायांची भरती खासगी एजंटाला करता येत नाही, ती सरकारने ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होते. म्हणजे बर्डीतल्या एखाद्या भाऊने आठवी शिकलेल्या ताईला घरकामासाठी कुवेतला पाठवणं, हेच मुळात नियमात बसत नाही. मग त्याची फी तीस हजार असो की तीन लाख. वय कमी असेल तर "आधारवर जन्मतारीख बदलून घेऊ" म्हणणारेही असतात. खोट्या जन्मतारखेचा पासपोर्ट हा तुमच्या नावावरचा गुन्हा असतो, एजंटाच्या नावावरचा नाही.

आता दहावी पास ताईंचं. त्यांच्या पासपोर्टवर ही नोंद नसते. त्यांना ही परवानगी लागत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की तुमचा करार, तुमचा मालक, तुमचा पगार हे कोणी सरकारी माणूस तपासत नाही. शिकलेल्या बाईला सरकारने शहाणी समजून मोकळं सोडलं आहे. तेव्हा तपासायचं काम तुमचं आणि तुमच्या गटाचं. मला तर वाटतं की आपल्याकडे फसण्याचा धोका दहावी-बारावी झालेल्या मुलींनाच जास्त आहे. त्यांना वाटतं आपल्याला वाचता येतं, आणि करार मात्र अरबीत असतो.

कोणत्याही एजंटाकडे गेलात तर त्याचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. परराष्ट्र मंत्रालय ते देतं, नंबर असतो, मुदत असते. तो नंबर ई-मायग्रेटवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसतं. नंबर मागितल्यावर जो चिडतो, "विश्वास नाही का ताई" म्हणतो, त्याच्याकडे चहा पिऊन परत या. "मुख्य ऑफिस मुंबईला आहे, आम्ही फक्त मुली गोळा करतो" म्हणणाराही चालत नाही. १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय परदेशी भरती करणं गुन्हा आहे.

घरातल्या मुलीने जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलं असेल तर तिच्यासाठीही एक ओळ. २०१५ पासून या अठरा देशांत नर्सची भरती सरकारी संस्थांमार्फतच करायची, असा नियम झाला. त्याच वर्षी केरळमध्ये कुवेतच्या नर्स भरतीत ठरलेल्या साडेएकोणीस हजारांच्या जागी एकेकीकडून साडेएकोणीस लाख रुपये उकळल्याचा गुन्हा सीबीआयने नोंदवला होता. शिकलेल्या मुली होत्या त्या.

एक लाखाचा हिशोब

आता गटाच्या वहीत बसू.

नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, इतकंच घेता येतं. पावतीसह. नवरा, भाऊ, मुलगा वेल्डर किंवा ड्रायव्हर म्हणून जात असेल तर त्यालाही हेच लागू. आणि घरकामाच्या बाबतीत कुवेतचा स्वतःचा कायदा, २०१५ चा ६८ क्रमांकाचा, असं म्हणतो की बाईकडून भरतीचा खर्च घ्यायचा नाही, तो मालकाने करायचा. मालक तिकडच्या भरती कार्यालयाला भरपूर पैसे मोजतोच. मग इकडे तुमच्याकडून लाख रुपये कशाचे?

समजा तरीही गटातून एक लाख काढले. दरमहा दोन टक्के व्याज, वीस हप्ते, मुद्दल पाच हजार. पहिल्या महिन्याचा हप्ता सात हजारांचा. पूर्ण फेड होईपर्यंत व्याज एकवीस हजार. म्हणजे एकूण एक लाख एकवीस हजार.

कुवेत सरकारने २०१६ मध्ये घरकामगारांसाठी कमीत कमी पगार ठरवला तो महिना ६० दिनार. पावणेतीनशेच्या भावाने साडेसोळा हजार रुपये. तिथे राहणं-खाणं मालकाकडे असतं, त्यामुळे बराचसा पैसा वाचू शकतो, हे खरं. पण एक लाख एकवीस हजार म्हणजे या पगाराचे सात महिन्यांहून जास्तीचे पैसे. दोन वर्षांच्या करारातले सात महिने तुम्ही फक्त एजंटासाठी भांडी घासणार. आणि मधेच परत यावं लागलं, आजारपण आलं, मालकाशी पटलं नाही, तर हप्ता थांबत नाही. कर्ज डोक्यावर असलेली बाई वाईट घरातूनही बाहेर पडत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

"दिनार शंभर देतो, दीडशे देतो" असं तोंडी सांगतात. करारात काय लिहिलं ते पहा. आपल्या सरकारने वेगवेगळ्या देशांसाठी आणि कामांसाठी किमान पगार ठरवून दिले आहेत आणि ईसीआर पासपोर्टवाल्यांच्या करारात ते पाहिले जातात. घरकामाचा आजचा आकडा किती, हे खाली दिलेल्या फोनवर विचारता येतं.

खरा खर्च किती येतो तेही मांडा. पासपोर्ट, पोलीस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तपासणी. ही तपासणी आखाती देशांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच होते. त्यात टीबी, एचआयव्ही, कावीळ, गरोदरपण पाहतात. टीबीचा जुना डाग छातीच्या एक्स-रेमध्ये दिसला तरी अडतं. म्हणून ज्यांनी पूर्वी टीबीचं औषध घेतलं आहे त्यांनी कोणाला एक रुपया देण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मग प्रवासी भारतीय विमा योजना: दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. ईसीआर पासपोर्टवाल्यांना हा विमा सक्तीचा आहे. एवढ्याशा पैशात एवढं संरक्षण देणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही, आणि नोंदीशिवाय पाठवणारा एजंट नेमकी हीच गाळतो. जाण्याआधी एक दिवसाचं सरकारी प्रशिक्षणही असतं. ते चुकवू नका.

१२ जून २०२४ रोजी कुवेतमध्ये मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. पंचेचाळीस भारतीय गेले. बातमी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. विम्याची पावती घरी कोणाकडे आहे, हे अशा वेळी घरच्यांना माहीत असावं लागतं.

दार बंद झाल्यावर

कुवेतचं घर म्हणजे मोठं घर. आजी-आजोबा, मुलगे, सुना, पाच-सहा मुलं, दोन-तीन मजले, आणि बहुधा एकापेक्षा जास्त कामवाल्या. तिथे सात लाखांहून जास्त घरकामगार आहेत. घरच्या बाईला "मामा" आणि घरच्या पुरुषाला "बाबा" म्हणायची पद्धत आहे. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, पहिल्यांदा हसू येतं. बऱ्याच घरात दिवाणिया असतो, म्हणजे पुरुषांच्या बैठकीची खोली, तिथे रात्री उशिरापर्यंत चहा-कॉफी चालते. रमजानमध्ये काम वाढतं, कारण संध्याकाळचा उपास सोडायचा स्वयंपाक आणि पहाटेचं जेवण दोन्ही करावं लागतं. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं गुन्हा आहे, तुमचा धर्म कोणताही असो.

कायदा काय देतो? दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, मधे विश्रांती. आठवड्याला एक दिवस सुट्टी. वर्षाला एक महिन्याची भरपगारी रजा. नोकरी संपताना दर वर्षाच्या कामामागे एक महिन्याचा पगार. वय २१ ते ६०. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. पगार उशिरा दिला तर मालकाला दंड. कागदावर हा कायदा आखाती देशांतल्या बऱ्या कायद्यांपैकी आहे, आणि १० जून २०२१ रोजी भारत आणि कुवेत यांच्यात घरकामगारांसाठी करारही झाला.

पण कायदा दाराबाहेर उभा असतो आणि काम दाराच्या आत होतं. पासपोर्ट सर्रास काढून घेतले जातात. फोन काढून घेतल्याच्या, सुट्टी न दिल्याच्या तक्रारी येतात. २०१८ मध्ये एका फिलिपिनी कामगार बाईचा मृतदेह फ्रीजरमध्ये सापडला, तेव्हा त्यांच्या सरकारने कुवेतला माणसं पाठवणं काही महिने थांबवलं आणि नवा करार करून घेतला. घाबरवायला सांगत नाही. चांगली माणसं तिथेही आहेत, आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतही सगळ्या प्रकारची असतात. फरक एवढाच की सिव्हिल लाइन्समधून तुम्ही संध्याकाळी घरी येता.

तेव्हा जाण्याआधीच थोडी तयारी. पासपोर्ट, व्हिसा, करार यांचे फोटो फोनमध्ये ठेवा, घरी पाठवा आणि एक झेरॉक्स गटाच्या फाईलमध्ये लावा. मालकाचं पूर्ण नाव, घराचा भाग, फोन नंबर गटाकडे हवा. भारतीय दूतावासाचा फोन नंबर पाठ करा, कारण फोन काढून घेतला तर त्यातला नंबर काय कामाचा? पगार बँकेत जमा व्हायला सांगा. आणि पैसे पाठवायचे ते तुमच्या स्वतःच्या खात्यात. घरखर्चाला लागेल तेवढे तिथून नवऱ्याला द्या, सगळेच त्याच्या खात्यात नको. हे वाक्य काही दादांना आवडणार नाही, पण दोन वर्षांनी परत आल्यावर शिल्लक शून्य पाहण्यापेक्षा बरं. गटातली मासिक बचत चालू ठेवा, म्हणजे सभासदत्व तुटत नाही.

घरी पोरं कोणाकडे राहणार, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी कोण पाहणार, हेही अर्जासोबत बोलून घ्या. दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या.

बॅग भरताना

सावजी मसाला भाजून, कुटून न्यायचा विचार असेल तर थांबा. त्यात खसखस असते. अनेक आखाती देशांत खसखस अमली पदार्थात धरतात आणि विमानतळावर पकडलं तर "आमच्याकडे भाजीत घालतात" हे कोणी ऐकत नाही. कोणाचंही बंद पार्सल नेऊ नका, मग तो एजंट असो की "माझी बहीण तिथे आहे, तिला एवढं लोणचं द्या" म्हणणारी शेजारीण. लोणच्याच्या बरणीतून गांजा जातो. झोपेच्या, वेदनेच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधंही तिथे बंदीत येतात, म्हणून नेहमीचं औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणि चिठ्ठीवर असतील तेवढ्याच गोळ्या. दारू आणि डुकराचं मांस तिथे पूर्ण बंद. न विचारता कोणाचा, विशेषतः बायका-मुलांचा, फोटो काढून टाकू नका.

काही शब्द पाठ करून ठेवा. माय म्हणजे पाणी, अबी म्हणजे मला हवं, मा अबी म्हणजे नको. मआश म्हणजे पगार. जवाज म्हणजे पासपोर्ट. अना मरीदा म्हणजे मी आजारी आहे. हिसाब, तारीख, वकील, दुकान हे शब्द तर आपल्याला ऐकताक्षणी कळतील, कारण अरबीतूनच ते आपल्याकडे आले. आणि एक शब्द सगळ्यात आधी: सफारा. म्हणजे दूतावास. टॅक्सीवाल्याला "सफारा हिंदिया" म्हटलं की तो भारतीय दूतावासात नेऊन सोडतो.

अडचण आली तर

मारहाण होत असेल, पगार मिळत नसेल, जीवाला धोका वाटत असेल तर ओळखीच्या कोणाकडे जाऊन लपू नका, दुसऱ्या घरी परस्पर काम धरू नका. मालक पळून गेल्याची तक्रार करतो आणि मग तुमचा परवाना रद्द होतो. सरळ दूतावासात जा. तिथे अशा बायांसाठी निवारा आहे, आणि अडचणीत सापडलेल्यांना मदत करायला २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. घरकामगारांच्या तक्रारीसाठी कुवेत सरकारचं वेगळं खातंही आहे, दूतावासातून तिथे नेतात. तातडीच्या वेळी पोलीस, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी एकच नंबर, ११२.

इकडून घरच्यांना काही विचारायचं असेल, एजंट खरा की खोटा हे पाहायचं असेल, तक्रार करायची असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत फोन १८०० ११ ३०९०. हिंदीत बोलतात. "मदद" नावाच्या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते आणि तिचं पुढे काय झालं ते पाहता येतं.

ज्या गटांकडे सध्या असे अर्ज आले आहेत त्यांनी ते लगेच मंजूर किंवा नामंजूर करू नका. पुढच्या मासिक बैठकीला अर्जदार ताईने पासपोर्ट, एजंटाने दिलेला कागद, असेल तर व्हिसाची प्रत आणि करार घेऊन यावं. व्हिसा वीस नंबरचा की अठरा, त्यावर मालकाचं नाव काय, पासपोर्ट ईसीआर आहे का, एजंटाचा नोंदणी नंबर किती, पैशाची पावती देतो का, एवढं वहीत लिहून घ्या. गावात नेट चालत नसेल तर सचिव ताईंनी हे कागद बर्डीच्या कार्यालयात आणावेत. मंगळवार आणि शुक्रवारी दुपारी मी असते, आपण दोघी मिळून ई-मायग्रेट उघडून नंबर टाकून पाहू. एजंटाला आगाऊ रक्कम आधीच दिली असेल तर ती कधी, किती, कोणासमोर दिली आणि फोनवरून दिली का, तेही लिहून आणा. फोनवरून दिलेल्या पैशाची नोंद राहते, ती पुसू नका.